बांदीपूरची एकादशी

"वहिनी, हत्ती भेटला तर तुमचा नमस्कार सांगू ना?"

जीप विश्रामगृहाला वळसा घालून निघाली तेव्हा अरविंदभाऊजी मागून वाकून ओरडले. मी मागच्या पडवीत उकिडवी बसून स्टोव्हला पंप मारत होते. अंगावर सोवळ्याचं लुगडं, तेही रात्रभराच्या दमट हवेनं अर्धवटच वाळलेलं. अजून नीट उजाडलंही नव्हतं.

"नमस्कार नको, आपला पत्ता द्या," मी म्हटलं. "मला काही यायला जमायचं नाही. त्यालाच सांगा सांगलीला ये म्हणून."

जीपमधले सगळे हसले. माझी रोहिणी तेवढी हसली नाही. ती तेव्हा पाचवीत होती. मागे वळून माझ्याकडे बघत राहिली, मग जीप बांबूच्या बेटाआड गेली आणि धूळ खाली बसली.

हे दांडेलीचं, आमच्या प्रवासातल्या पहिल्या मुक्कामाचं. त्या उन्हाळ्यात ह्यांनी जुनी अँबॅसिडर घेतली होती. सांगलीला आमचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान. त्यामुळे गाडीत नवं काय आणि जुनं काय ते ह्यांनाच ठाऊक. "या गाडीनं घाटातली सगळी जंगलं बघायची," असं ह्यांनी ठरवलं. दांडेली, मग नागरहोळे, मग बांदीपूर. ह्यांचे धाकटे भाऊ अरविंदभाऊजी बँकेत होते, लग्न व्हायचं होतं, गळ्यात दुर्बीण अडकवून ते तयारच होते. राहिल्या सासूबाई. माईंना एकटीला घरी ठेवायचं कसं? आणि माई यायच्या म्हणजे घरचे देवही यायचे, कारण मागे पूजा करायला कुणी नव्हतं.

तेव्हा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि टाक एका तांब्याच्या डब्यात बसून आमच्याबरोबर निघाले. डबा माईंच्या मांडीवर. देव आले म्हणजे रोज नैवेद्य आला, आणि माईंचं जेवणही सोवळ्यातलंच. आदल्या वर्षी पडून त्यांच्या उजव्या मनगटाचा सांधा मोडला होता. तो वेडावाकडा बसला, त्यामुळे त्यांना स्टोव्हचा पंपही मारता येत नसे. विश्रामगृहाच्या खानसाम्यानं शिजवलेलं तर चालणारच नव्हतं. सकाळी वरणभाताचा स्वयंपाक, संध्याकाळी त्या न भाजलेलं धान्य खात नसत म्हणून भाजणीचं थालीपीठ नाहीतर दुसरं काही. आणि जंगलात जीप जाते ती नेमकी पहाटे आणि तिसऱ्या प्रहरी. जनावरांच्या वेळा आणि माईंच्या वेळा एकच.

मला फार काही नको होतं. एकदा, एकच फेरी, त्या जीपमध्ये बसून आत जायचं होतं. चाळिशी जवळ आली होती आणि सांगली, मिरज, माहेरचं वाई आणि एकदा नरसोबाची वाडी, एवढंच माझं जग होतं.

सगळे परत आले ते नुसते बोलत सुटले होते. गवा दिसला होता. रोहिणी हातांनी शिंगं करून दाखवत होती.

"केवढा होता माहितीये? आपल्या गाडीएवढा!"

"गाडीएवढा, पण गाडीसारखा तापत नव्हता," भाऊजी म्हणाले. ह्यांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. येताना रामनगरच्या अलीकडे गाडीनं दोनदा वाफ सोडली होती.

मी सगळ्यांना वाढलं. भांडी घासली. लुगडं धुऊन कुणी शिवणार नाही असं उंच वाळत घातलं. तोवर तिसरा प्रहर झाला आणि जीप पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

नागरहोळेपर्यंतचा रस्ता मला अजून अंगात जाणवतो. मागच्या बाकावर मधे मी, एका बाजूला माई आणि देव, दुसऱ्या बाजूला रोहिणी. पायांमध्ये लोणच्याची बरणी, तिला हलू द्यायचं नाही. रोहिणीला घाट लागला की ओकाऱ्या, म्हणून तिचं डोकं माझ्या मांडीवर. माईंना डुलकी लागली की त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. मी झोपले असते तर तिघी कोसळलो असतो. डोळे ताणून मी समोरच्या काचेतून बघत बसायची.

पुढून भाऊजींनी दुर्बिणीची पिशवी मागे ठेवायला दिली तेव्हा माई दचकून जाग्या झाल्या.

"अरे, चामडं आहे ना ते? देवांच्या डब्याला लागलं की!"

"माई, दुर्बिणीतून देवच जास्त जवळ दिसतात."

"तू आधी नोकरी नीट कर. मग देवांचं बघ."

"त्याला नोकरीतलं दिसावं म्हणूनच दुर्बीण घेतलीय," हे म्हणाले, आणि हसण्याच्या नादात एक खड्डा चुकवायचा राहिला. लोणच्याचं तेल माझ्या पायावर आलं.

नागरहोळेला एकादशी आली. मला वाटलं होतं, उपास आहे तर काम हलकं होईल. पण माईंची एकादशी म्हणजे वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप. आणि बाकीच्यांचा उपास नाही म्हणून त्यांचं वेगळं. विश्रामगृहात पाटा नव्हता. दाणे मी तांब्याच्या बुडानं रगडले.

"माई, वाटेत केळी घेतलीत मी," भाऊजी सहज बोलल्यासारखं बोलले. "आज केळ्यांवर भागवलंस तर वहिनीसुद्धा येतील."

माईंनी जपाची माळ थांबवली. "केळ्यांवर दिवस काढायला मी काय आजारी आहे? आणि तिनं मला काही म्हटलेलं नाही. म्हटलंयस का गं कुमुद?"

"नाही," मी म्हटलं.

खरंच म्हटलं नव्हतं. म्हणायचं कसं हेच माहीत नव्हतं. भाऊजींनी खांदे उडवले. हे बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभे होते. गाडीला काही झालं नव्हतं, तरी ते तसेच उभे राहिले.

बांदीपूर शेवटचं. तिथं पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि माईंचं जेवण व्हायचं होतं. मी घाईघाईनं आंघोळ केली, स्टोव्ह पेटवला, पिन मारावी लागली, पुन्हा पेटवला. समोर डोंगरांची निळी रांग होती असं रोहिणी म्हणाली. मी मान वर केली तर डोळ्यांत रॉकेलचा धूर गेला होता, मला काहीच दिसलं नाही.

पानं वाढली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"आमटीत मीठ नाही."

मी चमच्यानं हातावर घेऊन चाखलं. आमटीत नव्हतं, भाजीत नव्हतं, कशातच नव्हतं. मी मिठाचा डबा शोधायला उठले. तो कुठं ठेवलाय हेही आठवेना. पडवीत उभी राहून मी त्या उघड्या पिशव्यांकडे नुसती बघत होते, किती वेळ ते सांगता यायचं नाही.

मागून माईंचा आवाज आला, "मीठ बरोबर आहे. जेवा मुकाट्यानं."

माईंनी ताक घातलं, भात कालवला आणि शेवटपर्यंत जेवल्या.

संध्याकाळची फेरी करून तिघं परतले. हरणं दिसली, मोर दिसले. हत्ती मात्र तिन्ही मुक्कामांत अजून कुणालाच दिसला नव्हता. माई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत माळ घेऊन बसल्या होत्या, मी आत देवांची भांडी पुसत होते. बाहेर पायरीवर दोघे भाऊ बोलत होते. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं.

"उद्या सकाळची शेवटची फेरी. कुमुदला न्यायला पाहिजे रे," हे म्हणाले.

"मग सांग ना माईला."

"तू सांग. तू लाडका."

"दादा, मी बँकेतला माणूस. बदली झालेली चालते मला, घरातून काढलेलं नाही चालणार."

"मी कसं सांगू? बायकोसाठी सांगतोय असं होईल."

"बायकोसाठीच आहे की ते!"

समोरच्या डोंगरामागून चंद्र वर येत होता. चांगला गरगरीत, पुरणपोळीएवढा. मी दारात आले होते, त्यामुळे मलाही दिसला.

"मनोहर," माई खुर्चीतून म्हणाल्या, "उद्या माझा निर्जळी उपास आहे."

"उद्या? उद्या कसला?"

"एकादशी आहे."

भाऊजींनी मान वर करून चंद्राकडे पाहिलं. मग माईंकडे पाहिलं. मग पुन्हा चंद्राकडे. "माई, पण एकादशी तर—"

"तू व्याज मोज. तिथी मी मोजते," माई म्हणाल्या. "देवांना दूधसाखर पुरे. उद्या स्टोव्ह पेटवायचा नाही. त्याच्या वासानंसुद्धा मला भूक लागते. आणि माझ्याजवळ कुणी थांबायचं नाही. मला शांतपणे जप करायचाय. जा सगळे त्या जीपमधून कुठं जायचं ते."

हे एकदम उठून उभे राहिले. "हो. म्हणजे, एकादशी आहे म्हटल्यावर काय! जाऊ ना सगळे." आणि गाडीकडे निघून गेले.

मी माईंची वळकटी घालायला गेले तेव्हा हळूच म्हटलं, "माई, एकादशी नागरहोळेला झाली."

"तुला कुणी विचारलं?"

"निर्जळी सोसणार नाही तुम्हाला. उन्हाळा आहे."

"मला काय सोसतं ते मला शिकवू नकोस. आणि सकाळी केस नीट विंचर. चारचौघांत जायचंय."

"हत्तींच्या?"

"कुणाच्याही," माई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

पहाटे मी जीपमध्ये बसले. पुढे ड्रायव्हर आणि वनखात्याचा गार्ड, मागे आम्ही. मला सगळ्यांनी मिळून कडेची जागा दिली. भाऊजींनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. अंगावर साधं पातळ होतं, पायांत बरणी नव्हती, मांडीवर कुणाचं डोकं नव्हतं. हातांनी काय करायचं ते कळेना, म्हणून मी ते मांडीवर एकावर एक ठेवले. वारा गार होता. कुठल्यातरी झाडाच्या फुलांचा वास येत होता. गार्डनं तोंडावर बोट ठेवलं, बोलायचं नाही. इंजिन एका लयीत घुमत होतं. दोन्ही बाजूंनी झाडं मागे जात होती, एकामागून एक, एकामागून एक.

जाग आली ती रोहिणीच्या रडण्यानं. जीप थांबली होती. समोर आमचं विश्रामगृह होतं.

"काय झालं? का रडतेस?"

"आई, हत्ती होते! किती होते! पिल्लू होतं! रस्त्यातच उभे होते सगळे आणि तू... मला बाबांनी उठवूच दिलं नाही!"

मला समजायला थोडा वेळ लागला. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, गार्डनंच खूण केली, आवाज करायचा नाही म्हणून," हे म्हणाले. "तू दचकून ओरडली असतीस तर? पिल्लू होतं त्यांच्यात. आणि..." ते थांबले. "तुला इतकं गाढ झोपलेलं मी कधी पाहिलंच नाही गं. माझा हातच पुढं होईना."

मी दुर्बीण काढून भाऊजींना दिली. त्यांनी विनोद केला नाही, त्यावरून ओळखावं माझा चेहरा कसा झाला असेल. मला हत्तींचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त, समोर व्हरांड्यात बसलेल्या माईंना काय सांगायचं ह्याचं वाटत होतं. ऊन चढलं होतं. त्यांच्या ओठांना कोरड पडलेली लांबूनही दिसत होती.

"दिसले का?" आम्ही पायऱ्या चढत असतानाच त्यांनी विचारलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"आई झोपली!" रोहिणी म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

माईंनी माळ खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलणार. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, पायांपासून वरपर्यंत, जणू मी त्यांना पहिल्यांदाच दिसत होते.

"मनोहर, ही जीप उद्या सकाळी पण जाते का?"

"जाते. पण आपण उद्या पहाटेच निघायचं ठरलंय ना."

"फेरी झाल्यावर निघू. उद्या पण एकादशी आहे."

"उद्या पण?"

"आजची स्मार्त. उद्याची भागवत."

काही वेळा पंचांगात अशा लागोपाठ दोन एकादश्या येतात, हे खरं आहे. पण आमच्या घरात भागवत एकादशी कुणी कधी केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"माई, आपण कधीपासून भागवत झालो?" भाऊजींनी विचारलं.

"आजपासून. तुझी हरकत आहे?"

"छे, छे. मी व्याज मोजतो."

सगळे पांगल्यावर मी पाण्याचा तांब्या आणि भाऊजींनी आणलेली केळी पदराखाली घेतली आणि माईंना हात धरून न्हाणीघरात नेलं. दाराची कडी लावली.

"हे काय?"

"खा."

"निर्जळी आहे माझी."

"मग एकादशी कुठाय ते दाखवा."

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग पाणी आधी घटाघटा प्यायल्या, आणि न्हाणीच्या दगडावर बसून केळं सोलून दे म्हणून माझ्यापुढे केलं. मनगटामुळे त्यांना सोलता येत नसे. मी सोलून देत गेले, त्या खात गेल्या. बाहेरून भाऊजींचा आवाज आला.

"अरे, केळी कोणी नेली इथली?"

"माकडं असतील," मी आतून म्हटलं.

"इथली माकडं फार," माई भरल्या तोंडानं पुटपुटल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माईंना मी असं हसताना पहिल्यांदा पाहत होते. मलाही हसू आवरेना. दोघी तोंडाला पदर लावून त्या अंधाऱ्या न्हाणीत बसलो होतो.

हसू ओसरल्यावर त्या साली गोळा करता करता म्हणाल्या, "तुझ्या आजेसासूबाईंना घेऊन आम्ही काशीला गेलो होतो. मनोहर तेव्हा पोटात होता. महिनाभर राहिलो."

"हो, तुम्ही सांगितलंय ना. गंगा केवढी आहे म्हणून."

"सगळे सांगायचे तेच मी सांगते. मी गंगा हंड्यातच पाहिली. चौदा माणसांचा स्वयंपाक होता. एकदा बुडी मारली, ती डोळे मिटून. वर आले तर सगळे म्हणाले, चल, उशीर होतोय." साली त्यांनी माझ्या हातात दिल्या. "या कुठंतरी लांब टाक. आणि आज दुपारी झोप. उद्या झोपलीस तर मात्र मी तिसरी एकादशी करणार नाही."

त्या दुपारी मी झोपले. स्टोव्ह पेटला नाही. सगळ्यांनी खानसाम्याच्या हातचा भात खाल्ला आणि कुणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपमध्ये रोहिणी माझा दंड घट्ट धरून बसली होती, डोळे मिटले की चिमटा काढायचा असं ठरवून. तिला काढावा लागला नाही. बराच वेळ काहीच दिसलं नाही. झाडं, वारुळं, मोडलेले बांबू, ताज्या लिदेचा वास. गार्डनं घड्याळ पाहिलं, ड्रायव्हरनं जीप वळवली. आणि वळणावर, पाण्याच्या डबक्यापलीकडे, एकच हत्ती उभा होता. एकटा. "आने," गार्ड कानडीत कुजबुजला.

परत आलो तेव्हा माई त्याच खुर्चीत होत्या. बाकीचे सामान बांधायला आत गेले. मी पायरीवर त्यांच्या पायांशी बसले.

"दिसला?"

"दिसला."

"केवढा?"

"मोठा. पण एकटाच होता."

"काय करत होता?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही. उभा होता."

"खात होता का?"

"नाही."

"पाणी पीत असेल."

"पाणी समोर होतं, पण पीत नव्हता. कान हलवत होता मधून मधून. नुसता उभा होता."

"नुसताच?"

"नुसताच."

"कितीक वेळ?"

"आम्ही निघालो तोवर. नंतरही असेल."

माई समोरच्या डोंगरांकडे बघायला लागल्या. निळी रांग होती खरी. मी ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. आतून ह्यांची हाक आली, "कुमुद, स्टोव्ह कुठल्या पिशवीत घालायचा? आणि माईचा फराळ व्हायचाय ना अजून?"

मी उठायला लागले. माईंनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. ठेवला म्हणजे दाबला.

"बस," त्या म्हणाल्या. "शोधतील ते."

ह्यांनी आणखी दोनदा हाक मारली. आज माई नाहीत, हे नाहीत, ती गाडी तर केव्हाच भंगारात गेली. पण कुणी लांबून हाक मारली की मला पहिल्यांदा खांद्यावर तो वाकड्या नव्हे, धडक्या हाताचा भार जाणवतो. त्या दिवशी आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.